हसू भेट द्यायचं, तर कुणाचं?

(संक्रांतीनिमित्त आमच्या गटाने भरवलेल्या पुस्तक-मेळाव्यात झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या, चाळण्या आणि कंगवे लुटण्याऐवजी पुस्तकं लुटावीत, हा आपला उपक्रम आता चांगला रुळला आहे. कुंकवाची अट नाही, सवाष्ण की विधवा हा प्रश्न नाही, जी येईल तिच्या हातात तिळगूळ आणि एक पुस्तक. दर वर्षी आपण एक विषय ठरवतो. कधी कायदा, कधी आरोग्य, कधी आत्मचरित्रं. यंदाचा विषय आहे व्यंगचित्रं, चित्रकथा आणि ती काढणाऱ्या बायका.

विषय कळल्यावर दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, मारहाणीच्या केसेस आहेत, पाण्याचा प्रश्न आहे, रेशनकार्डाचे घोळ आहेत. आणि आपण व्यंगचित्रं वाटायची?" प्रश्न अगदी रास्त आहे. मी आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न करणार आहे.

आधी हे बघू, की भेट दिलेल्या पुस्तकाचं घरात काय होतं. आपण कायद्याचं पुस्तक दिलं, तर ती बाई ते आदराने कपाटात ठेवते. गरज पडली तर काढते, आणि गरज पडते तेव्हा ते फार उपयोगी पडतं, हेही खरं. पण चित्रांचं पुस्तक त्याच संध्याकाळी उघडलं जातं. सासरे उघडतात, शाळेतून आलेला मुलगा उघडतो, शेजारीण उघडते. ज्या घरात 'स्त्रीमुक्ती' हा शब्द काढला की कपाळावर आठ्या पडतात, त्या घरातही चित्र बघायला कुणी हरकत घेत नाही. विचार पटवून द्यायला वाद घालावा लागतो, विनोद मात्र सरळ आत येऊन बसतो.

आणि म्हणूनच तो कुणाचा विनोद आहे, हे तपासून घ्यावं लागतं. कारण आजवर या दारातून आपल्याविरुद्धचाच माल फार आत आला आहे.

आठवून पाहा. लग्नात आहेर म्हणून 'नवरा-बायकोचे विनोद' अशी पुस्तकं अजून दिली जातात. मला स्वतःला माझ्या लग्नात असं एक मिळालं होतं. त्यातली चित्रं तुमच्याही ओळखीची आहेत. दाराआड लाटणं घेऊन उभी असलेली जाडजूड बायको आणि चपला हातात घेऊन चोरपावलांनी येणारा काटकुळा नवरा. साडीच्या दुकानात ढीग उपसणारी बायको आणि रिकामं पाकीट दाखवणारा नवरा. साहेबाच्या टेबलावर बसलेली टायपिस्ट. खिडकीतून डोकावून पाहण्यासाठीच जिचा जन्म झाला आहे अशी शेजारीण. आणि सासू. सासूबद्दल तर काही बोलायलाच नको.

यातलं ते लाटणं जरा नीट बघू या. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या दर शंभर बायकांमागे सुमारे एकोणतीस जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ज्या सांगू शकल्या त्या एवढ्या. आता ही गोष्ट आणि ते चित्र शेजारी शेजारी ठेवा. मार कोण खातं आणि चित्रात मार कोण देतं? चित्राने वस्तुस्थिती उलटी टांगली आहे. आणि पिढ्यान् पिढ्या ते चित्र बघून हसलेला माणूस पोलीस चौकीत बसलेला असतो. एखादी बाई तक्रार घेऊन गेली की तो मिशीतल्या मिशीत हसतो आणि म्हणतो, "अहो, घरोघरी चालतंच." ज्या मैत्रिणींनी रेशनचा आणि मारहाणीचा प्रश्न काढला, त्यांना मी हेच सांगेन. हा विषय त्या विषयांच्या बाहेरचा नाही.

दिवाळी अंकांचंही बोलू. दिवाळी अंकाशिवाय मराठी घराची दिवाळी होत नाही आणि व्यंगचित्रांशिवाय बऱ्याच दिवाळी अंकांची होत नाही. 'आवाज'ची खिडकीचित्रं तुम्ही पाहिली असतील. वरच्या पानावर एक बाई अशा काही अवस्थेत दिसते, की बघणाऱ्याच्या मनात भलतंच यावं. पानाची कापलेली खिडकी उघडली, की आत अगदी साधासुधा प्रसंग. कारागिरी म्हणून ही कल्पना फार हुशारीची आहे, आणि ती बघणाऱ्याच्याच मनाची फजिती करते असंही म्हणता येईल. तरीही गळाला लावलेलं आमिष म्हणजे बाईचं शरीरच, हे काही सुटत नाही. माझं म्हणणं असं नाही, की अंक जाळा. मी एवढंच म्हणते, की ज्या खिडकीबाहेर आपल्याला कायम उभं केलं गेलं, त्या खिडकीच्या आत बसून एखादी बाई चित्र काढायला लागली तर ती काय काढेल, हेही बघू या.

"तुम्हा बायकांना विनोदच कळत नाही," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यातही चळवळीतल्या बायका म्हणजे तर कायम रागावलेल्या. खरं म्हणजे महाराष्ट्रातल्या स्त्री-चळवळीने लोकांना जमवलं तेच गाणी म्हणून आणि हसवून. १९८३ साली रंगभूमीवर आलेलं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' गावोगाव गेलं, ते काही प्रेक्षकांना रागावून नाही. हसता हसता बायका डोळे पुसायच्या. विनोद आपल्याला कळतो. फक्त आपल्याच पायावर धोंडा पडल्यावर टाळ्या वाजवणं आपल्याला जमत नाही.

आता एक सोपी युक्ती सांगते. ॲलिसन बेक्डेल नावाची अमेरिकन चित्रकथाकार आहे. १९८३ पासून पंचवीस वर्षं तिने समलिंगी बायकांच्या एका मित्रपरिवाराची चित्रमालिका चालवली. त्यात १९८५ साली तिने एक छोटी चित्रपट्टी काढली. दोघी मैत्रिणी सिनेमाला निघाल्या आहेत आणि त्यातली एक सांगते, की मी सिनेमा बघते तो तीन अटींवर. त्यात निदान दोन बायका असल्या पाहिजेत, त्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलल्या पाहिजेत. ही कल्पना लिझ वॉलेस या मैत्रिणीची, असं बेक्डेलने स्वतःच सांगितलं आहे. गमतीत काढलेली ही कसोटी पुढे जगभर वापरली जाऊ लागली. घरी गेल्यावर कुठलाही जुना विनोदी अंक काढा आणि त्यातल्या चित्रांना ही कसोटी लावा. मी लावून पाहिली आहे. तुम्हीही लावा, मी निकाल सांगत नाही.

"पण मग बायकांनी काढायची की स्वतः व्यंगचित्रं! कुणी अडवलं होतं?" असंही विचारलं जातं. अडवलं होतं. त्याचा इतिहास आहे, आणि तो सांगणारी पुस्तकं आज इथे टेबलावर आहेत.

अमेरिकेत ट्रीना रॉबिन्स नावाच्या बाईने हे काम आयुष्यभर केलं. ती स्वतः चित्रकथा काढायची. पुरुषांच्या कंपूत तिला जागा मिळेना, तेव्हा १९७० साली तिने इतर जणींना बरोबर घेऊन फक्त बायकांनी काढलेलं चित्रकथांचं एक पुस्तक प्रसिद्ध केलं. १९७२ मध्ये 'विमेन्स कॉमिक्स' हे नियतकालिक सुरू झालं. ते गटाचं होतं. एकच कायमची संपादक नव्हती, संपादनाची जबाबदारी अंकागणिक फिरायची. गर्भपात, समलिंगी प्रेम, नोकरी, अंगणातल्या आणि अंगावरच्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या. भांडणं झाली, पैसे संपले, पुन्हा जमवले, आणि तरी ते १९९२ पर्यंत चाललं. आपल्यासारख्या गटांना यातलं एकही वाक्य अनोळखी वाटू नये!

"बायका चित्रकथा काढतच नव्हत्या," असं ऐकून ऐकून रॉबिन्स जुनी वर्तमानपत्रं धुंडाळायला लागली. १९८५ पासून तिने यावर पुस्तकामागून पुस्तक लिहिलं. २०१३ सालचं 'प्रिटी इन इंक' हे त्यातलं मोठं आणि भेट द्यायला देखणं पुस्तक. तिला सापडलं ते असं, की बायका एकोणिसाव्या शतकापासून काढत होत्या. इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांची नावं घेतली नव्हती, एवढंच. २०२४ मध्ये ती गेली, पण तिने शोधलेली नावं आता परत कुणाला पुसता येणार नाहीत.

त्यातली दोन सांगते. डेलिया मेसिक ही एक. बाईचं नाव बघून संपादक चित्रं परत पाठवतात, हे ओळखून तिने नाव बदलून 'डेल' केलं, जे पुरुषाचंही असू शकतं. १९४० साली तिची 'ब्रेंडा स्टार' ही चित्रमालिका सुरू झाली. नायिका वार्ताहर, नोकरी करणारी, जगभर हिंडणारी. मेसिकनंतरही ही मालिका बायकांनीच काढली, आणि ती २०११ पर्यंत चालली.

दुसरी जॅकी ऑर्म्स. कृष्णवर्णीय. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत तिला जागा मिळणं शक्यच नव्हतं. 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात १९३७ साली तिची पहिली मालिका आली. १९४५ ते १९५६ या काळात तिने दोन बहिणींचं एक-चौकटी व्यंगचित्र चालवलं. थोरली जिंजर उंची कपड्यांत, पण काही न बोलणारी. धाकटी पॅटी-जो मात्र पाच-सहा वर्षांची असून वंशभेदापासून शस्त्रास्त्रांपर्यंत सगळ्यावर तिखट बोलणारी. मोठ्या बाईच्या तोंडी जे छापणं अवघड, ते लहान मुलीच्या तोंडी घातलं की छापलं जातं, हे ऑर्म्सला नेमकं कळलं होतं. त्या काळी बाजारात काळ्या बाहुल्या मिळायच्या त्या बहुतेक मोलकरणीच्या किंवा विदूषकाच्या वेषातल्या. १९४७ मध्ये पॅटी-जोची बाहुली आली, चांगले कपडे घातलेली, मान ताठ असलेली. आणि सरकारने या बाईवर गुप्तहेर खात्याची पाळत ठेवली होती! नॅन्सी गोल्डस्टीन यांनी लिहिलेलं तिचं चरित्र २००८ साली आलं. ज्यांना वाटतं की चित्र काढणं हा रिकामटेकडा उद्योग आहे, त्यांना हे पुस्तक जरूर द्या.

हे सगळं जुनं झालं, असं म्हणाल तर २०१६ ची गोष्ट ऐका. फ्रान्समध्ये अंगुलेम गावी १९७४ पासून चित्रकथांचा मोठा महोत्सव भरतो. तिथला जीवनगौरव पुरस्कार म्हणजे या क्षेत्रातला सर्वोच्च मान समजला जातो. २०१६ साली त्यासाठी तीस नावांची यादी जाहीर झाली. तिसांत एकही बाई नव्हती. त्याआधीच्या सगळ्या वर्षांत हा मुख्य पुरस्कार मिळालेली बाई एकच, फ्लोरान्स सेस्ताक, तीही २०००मध्ये. फ्रान्समधल्या चित्रकार बायकांच्या गटाने बहिष्काराची हाक दिली. आणि एक चांगली गोष्ट घडली. यादीतल्या काही पुरुषांनी आपली नावं मागे घेतली. आयोजकांनी आधी नेहमीचं उत्तर दिलं, की इतिहासातच बायका कमी आहेत, त्याला आम्ही काय करणार. मग शेवटी यादीच रद्द करून मतदान खुलं करावं लागलं. त्यानंतर २०१९ मध्ये जपानच्या रुमिको ताकाहाशी, २०२२ मध्ये कॅनडाच्या ज्युली दूसे, २०२४ मध्ये इंग्लंडच्या पोझी सिमंड्स यांना तो पुरस्कार मिळाला. इतिहासात बायका होत्याच. दार ठोठावल्यावर दिसल्या.

आपल्याकडेही हे घडलंच. १९८२ साली मुंबईच्या 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये मंजुला पद्मनाभन यांची सुकी आली. विस्कटलेल्या केसांची, लग्न न केलेली, जगाबद्दल सतत प्रश्न पडणारी मुलगी, आणि गप्पा मारायला सोबतीला एक बेडूक. ती कुणाची बायको नाही, कुणाची सेक्रेटरी नाही. आपल्या घरात बसून विचार करते, हाच विनोद. नव्वदच्या दशकात ती दिल्लीच्या 'पायोनियर'मध्ये गेली. सुरुवातीच्या सुकीचं 'डबल टॉक' हे पुस्तक २००५ मध्ये आलं.

बंगळूरच्या माया कामत यांनी एका कुटुंबाच्या छोट्या चित्रमालिकेपासून सुरुवात केली. बाईने घरगुती काढावं, इथवर कुणाची हरकत नसते. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. 'डेक्कन हेरल्ड', 'एशियन एज' अशा वर्तमानपत्रांसाठी त्या राजकीय व्यंगचित्रं काढू लागल्या. पंतप्रधान, दंगली, अणुस्फोट, महागाई, सगळं. २००१ साली त्या अकाली गेल्या. त्यांची हजारो मूळ चित्रं आज मुंबईच्या 'स्पॅरो' या स्त्रियांच्या अभिलेख-संग्रहालयात जपून ठेवली आहेत. १९८८ साली नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि सी. एस. लक्ष्मी यांनी सुरू केलेल्या या संस्थेने ती जपली नसती, तर काय झालं असतं? वर्तमानपत्राचा कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. आणि बाईच्या पेटाऱ्यातले कागद तिच्यामागे कुठे जातात, ते आपल्याला माहीत आहे.

आता मुद्द्याचं. कुणाला काय द्यायचं?

घरातल्या आजीला, किंवा जिला वाचता येत नाही अशा कुणालाही, शि. द. फडणीसांची 'हसरी गॅलरी' द्या. चित्राखाली शब्दच नाहीत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं आपल्यातल्या अनेकींनी बघितली आहेत. शब्द नसल्यामुळे आजी आणि नात एका पातळीवर येतात, कुणी कुणाला वाचून दाखवावं लागत नाही. आणि बाईला हिणवल्याशिवायही मराठी माणूस पोट धरून हसतो, याचा हा पुरावा. व्यंगचित्र मुळात कसं बघायचं हे समजून घ्यायचं असेल, तर वसंत सरवट्यांची पुस्तकं. चित्रातली गंमत कशी घडते, यावर त्यांच्याइतकं निगुतीने मराठीत फार थोड्यांनी लिहिलं आहे.

नव्या जोडप्याला लाटण्याच्या विनोदांऐवजी एमा या फ्रेंच बाईचं पुस्तक द्या. ती व्यवसायाने संगणक अभियंता. २०१७ साली तिने एक चित्रकथा काढली. त्यातला नवरा वाईट नाही. भांडी घासायला तयार आहे, फक्त म्हणतो, "मला सांगायचंस ना!" आणि एमा दाखवते, की काय करायचं, केव्हा करायचं, काय संपलंय, बाळाचे कपडे कधी लहान झाले, हे सतत डोक्यात ठेवणं हेच मुळात मोठं काम आहे, आणि ते कुठल्याच हिशेबात नाही. इंग्रजीत 'द मेंटल लोड' नावाने २०१८ मध्ये पुस्तक निघालं. आपण ज्यावर शिबिरात दोन दोन तास बोलतो, ते तिने थोड्या पानांत मांडलं आहे. द्यायचं ते दोघांच्या नावाने द्या. एकट्या नवरीच्या हातात देऊ नका, नाहीतर तेही तिचंच काम होऊन बसेल.

कॉलेजातल्या मुलीला मार्जान सात्रापीचं 'पर्सेपोलिस'. इराणमधल्या क्रांतीच्या वेळी ही तेहरानमधली दहा वर्षांची मुलगी. एके दिवशी शाळेत डोक्यावर रुमाल आला, मग युद्ध आलं, चौदाव्या वर्षी आईबापांनी तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवलं. हे सगळं साध्या काळ्यापांढऱ्या चित्रांत. २००० ते २००३ या काळात फ्रान्समध्ये चार भागांत निघालं, २००७ मध्ये त्यावर सिनेमा झाला. आणि २०१३ साली अमेरिकेत, शिकागोच्या शाळांनी ते वर्गांतून काढून घ्यायचा हुकूम दिला, तेव्हा विद्यार्थी निदर्शनं करायला उभे राहिले. मुलींच्या हातात काय पडू नये याची काळजी सगळ्या देशांतल्या वडीलधाऱ्यांना असते. सात्रापीचंच 'एम्ब्रॉयडरीज' हे छोटं पुस्तक आपसात वाचण्यासारखं आहे. जेवणं झाली, पुरुष झोपले, आणि आजी, आई, मावश्या चहा घेऊन बोलायला बसल्या. लग्न, फसवणूक, शरीर, सगळ्यावर बोलतात आणि खूप हसतात. इराणचं आहे, पण आपल्या माजघरातलं वाटेल.

नोकरीला लागलेल्या, बसमधून जाणाऱ्या-येणाऱ्या मुलीला 'ड्रॉइंग द लाइन'. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतर चौदा भारतीय तरुणींनी काढलेल्या या चित्रकथा 'झुबान'ने २०१५ मध्ये प्रसिद्ध केल्या. हरिणी कण्णन यांच्या गोष्टीत पोटातल्या बाळाच्या गोरेपणाची चर्चा चालू आहे. रेशू सिंग यांच्या गोष्टीत लग्नासाठी काढायचा फोटो आहे. समिधा गुंजाळ यांच्या गोष्टीत रस्त्यावर छेड काढली जाणारी बाई देवीचं उग्र रूप घेते. एकाही गोष्टीत रडगाणं नाही.

आणि मुलग्यांना? त्यांना विसरू नका. विनोदाची सवय त्यांचीच आधी बिघडते. सातवी-आठवीतल्या मुलाला 'भीमायन' द्या. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, प्रवासाचे, निवाऱ्याचे प्रसंग. २०११ सालच्या या पुस्तकाची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी काढली आहेत. माणसांना चौकटीत कोंडायचं नाही, असं ठरवून त्यांनी पानं मोकळी ठेवली. ज्याच्या बोलण्यात विष आहे त्याच्या शब्दांभोवती विंचवाची नांगी, आणि मऊ बोलणाऱ्याच्या शब्दांना पक्ष्याचा आकार. त्याच वर्षीचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' हे जोतिरावांच्या १८७३ च्या 'गुलामगिरी'वर आधारलेलं, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान या दोघींचं. त्यात सावित्रीबाईही भेटतात.

एक अडचण उघड आहे. यातली बरीच पुस्तकं इंग्रजीत आहेत. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आम्ही त्यावर साधा उपाय केला. मराठी वाक्यं लहान चिठ्ठ्यांवर लिहून त्या त्या पानात ठेवल्या. हे काम कॉलेजातल्या मुलींनी केलं, आणि वाक्य घरच्या बोलीत कसं बसेल यावरून त्यांच्यात जी वादावादी झाली, तो एक वेगळाच अभ्यासवर्ग झाला. पण उपाय म्हणजे उत्तर नव्हे. मराठी प्रकाशकांना आपण पत्रं लिहायला हवीत, की ही पुस्तकं मराठीत हवी आहेत, आणि मराठी बायकांनी काढलेली तर आधी हवी आहेत. मागणी नाही, असं ते म्हणतात. मग मागू या.

शेवटचा मुद्दा. मागे एका शिबिरात आम्ही बायकांना कोरे कागद दिले आणि सांगितलं, "स्वतःचा दिवस काढा." पहिली दहा मिनिटं सगळ्या म्हणत होत्या, "आम्हाला कुठे चित्र येतं?" मग घरकाम करणाऱ्या एका बाईने स्वतःला देवीसारखे दहा हात काढले. एकात लाटणं, एकात झाडू, एकात मूल, एकात दुसऱ्याच्या घराची किल्ली. शेजारची म्हणाली, "अगं, खाजवायला एक तरी हात मोकळा ठेव!" सगळ्याजणी इतक्या हसल्या, की बाहेरून माणसं बघायला आली. लाटणं तिथेही होतं. पण ते तिने काढलेलं लाटणं होतं, पोळ्या लाटायचं.

म्हणून पुस्तकाबरोबर आणखी एक गोष्ट द्या. घरात जी मुलगी वहीच्या मागच्या पानावर सरांचं, काकांचं, आत्याचं चित्र काढते, तिला ओरडू नका. तिला चांगला काळा पेन आणि कोरी वही द्या. आणि संध्याकाळचा एक तास द्या, ज्यात तिला कुणी पाणी आण, ताटं घे असं म्हणणार नाही. वही विकत मिळते. तो तास मात्र घरातल्या कुणाला तरी ताटं घेऊन मोकळा करून द्यावा लागतो.

पुस्तकं टेबलावर मांडली आहेत. जाताना एकेक घ्या. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना एवढंच सांगायचं, की घरात ते आधी कुणी उघडलं, आणि कुठल्या चित्रावर कोण हसलं, कोण नाही हसलं. त्यावरून पुढचं बोलू.